पाच पौंडांचं पेटंट आणि फायनल इयरची परीक्षा

समजा, तुम्ही इंजिनिअरिंगला आहात. वय सत्तावीस, म्हणजे वर्गात सगळ्यात मोठे तुम्हीच. तीन वर्षांचा कोर्स तुम्हाला दोन वर्षांत संपवायचाय, कारण नोकरीवाल्यांनी तेवढीच रजा दिलीय. घरी बायको आहे, साडेतीन वर्षांचा एक मुलगा आणि दोन-तीन महिन्यांचं एक बाळ आहे. आणि एक दिवस पोस्टाने सरकारी पत्र येतं. पाच वर्षांपूर्वी तुम्ही अर्ज करून मिळवलेल्या पेटंटचं नूतनीकरण करायचंय, फी भरा. किती? पाच पौंड. आपल्याकडच्या तेव्हाच्या दराने साधारण 67 रुपये.

तुम्ही काय कराल? भराल ना? त्याने नाही भरले. खिशात नव्हते असं नाही, पण ते पैसे बाळाच्या औषधपाण्याला लागणार की पाच वर्षांत कुणीही न विचारलेल्या एका कागदाला, असा हिशोब होता. सरकारने सांगितलं, आम्ही पण भरणार नाही. पेटंट रद्द झालं. साल 1935, महिना जानेवारी.

त्या कागदावर जेट इंजिन होतं.

त्याचं नाव फ्रँक व्हिटल. तुम्ही मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकलला असाल तर नाव माहीत असेल. बाकीच्यांनी निदान एवढं लक्षात ठेवा की मुंबईहून दिल्लीला दोन तासांत नेणाऱ्या विमानाच्या पंखाखाली ते जे गोल भांडं लटकलेलं असतं, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. मी त्याला या लेखात अहोजाहो करणार नाहीये. पुढे तो सर झाला, एअर कमोडोर झाला, सगळं झालं. पण या गोष्टीत तो बहुतेक वेळ तुमच्याच वयाचा आहे, आणि बहुतेक वेळ त्याचं कुणी ऐकत नाहीये.

जन्म 1 जून 1907, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. वडील मोझेस मेकॅनिक. फ्रँक नऊ वर्षांचा असताना वडिलांनी जवळच्या लेमिंग्टनमध्ये एक छोटं वर्कशॉप विकत घेतलं. व्हॉल्व्ह आणि पिस्टन रिंग बनवायचं, एका सिलिंडरच्या गॅस इंजिनावर चालणारं. आपल्याकडच्या एमआयडीसीत शटरच्या आत दोन लेथ टाकून बसलेले काका असतात ना, साधारण तसं. मुलगा शाळेतून आला की हाताखाली काम करायचा. लेथ, ड्रिल, ग्राइंडिंग सगळं हाताला तिथेच आलं. मग धंदा बसला आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. फ्रँकला स्कॉलरशिप मिळाली होती, तरी पुढे शाळा सुटली. तर हा पोरगा काय करायचा, गावातल्या लायब्ररीत तासन्तास जाऊन बसायचा. खगोलशास्त्र, इंजिनिअरिंग, उड्डाणाचं शास्त्र, स्टीम टर्बाईन, हाताला लागेल ते. टर्बाईन हा शब्द ध्यानात ठेवा.

पंधराव्या वर्षी त्याने रॉयल एअर फोर्समध्ये अॅप्रेंटिस म्हणून अर्ज केला. लेखी परीक्षा पास, मेडिकलला नापास. उंची जेमतेम पाच फूट, छाती भरत नाही, जा घरी. तिथल्या एका पीटी इन्स्ट्रक्टरला त्याची दया आली. त्याने व्यायाम आणि आहार लिहून दिला. सहा महिन्यांत पोराने उंचीत आणि छातीत मिळून काही इंच कमावले. परत गेला, तर नियम आडवा आला, एकदा नाकारलेल्याला दुसरी संधी नाही. तरी त्याने पुन्हा नव्याने अर्ज केला, पुन्हा लेखी दिली, आणि या वेळी निवडला गेला. 1923 च्या सप्टेंबरमध्ये क्रॅनवेलच्या तळावर तो अॅप्रेंटिस म्हणून हजर झाला.

अॅप्रेंटिस म्हणजे आपल्या भाषेत आयटीआय. पायलट व्हायचा तो रस्ता नव्हता. पण त्या बॅचमधल्या वरच्या मोजक्या पोरांना ऑफिसर कॅडेट म्हणून घ्यायची एक बारीक फट होती. फ्रँकला कवायतीचा कंटाळा, शिस्तीचा जाच. त्याचा जीव मॉडेल विमानांच्या क्लबमध्ये. तिथे त्याने आणि त्याच्या ग्रुपने बनवलेल्या मोठ्या मॉडेल्सवर वरिष्ठांची नजर पडली, गणितात तर तो तयार होताच. त्या फटीतून तो आत घुसला, 1926 साली.

आता पहिला प्रोजेक्ट. क्रॅनवेलच्या कॅडेट्सना दर सत्राला एक प्रबंध लिहावा लागायचा. आपलं असाइनमेंट असतं तसंच. बाकीच्यांनी काय लिहिलं कोण जाणे, फ्रँकने 1928 मध्ये विषय घेतला विमानांच्या रचनेचं भविष्य. वय एकवीस. त्यात त्याने हिशोब मांडला तो असा. वेगाने आणि लांब जायचं असेल तर विमानाने खूप उंचावर उडायला हवं, कारण तिथे हवा विरळ असते आणि विरळ हवा विमानाला कमी अडवते. पण तिथेच गोम आहे. पिस्टनच्या इंजिनाला तीच हवा श्वास म्हणून लागते, वर गेलं की त्याचा दम निघतो. पंखाही विरळ हवेत कापत राहतो, पण ढकलायला फार काही सापडत नाही. म्हणजे विमान जिथे सुखात उडेल तिथे इंजिन गुदमरणार. त्याने ताशी 500 मैलांचा, म्हणजे 800 किलोमीटरचा विचार केला होता. त्या काळी एअर फोर्सची लढाऊ विमानं दीडशे मैलांच्या आसपास धावत होती.

प्रबंधात त्याच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. रॉकेट हा एक पर्याय त्याने पाहिला, गॅस टर्बाईनने पंखा फिरवणं हा दुसरा. क्रॅनवेलमधून तो दुसरा आला, एरोनॉटिक्सचं बक्षीस मिळालं. पायलट म्हणून मात्र शेऱ्यात लाल शाई होती. उडवतो उत्तम, पण शायनिंग मारतो, आत्मविश्वास जरा जास्तच. उड्डाणाच्या स्पर्धेत धोकादायक कसरती केल्या म्हणून बाद पण झाला. (मला हा शेरा फार आवडला. फार शांत, समंजस शास्त्रज्ञाचं चित्र डोळ्यांसमोर आणत असाल तर खोडून टाका.)

उत्तर सापडलं 1929 च्या अखेरीस. तेव्हा तो फ्लाइंग इन्स्ट्रक्टर व्हायचं ट्रेनिंग घेत होता. आधी त्याच्या डोक्यात असं होतं की पिस्टन इंजिनाने एक कॉम्प्रेसर फिरवायचा, हवा दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि मागून झोतात सोडायचं. गणित केलं की वजन जास्तच यायचं. मग एकदम ट्यूब पेटली. पिस्टन इंजिन हवंय कशाला? काढूनच टाका. जो गरम झोत मागून जातोय, त्याच्याच वाटेत टर्बाईनचं चाक ठेवा. झोत जाता जाता चाक फिरवेल, चाक त्याच दांड्यावरचा पुढचा कॉम्प्रेसर फिरवेल, कॉम्प्रेसर आणखी हवा आत ओढेल. उरलेला झोत विमानाला पुढे ढकलेल. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडल्यावर पळतो, तेच तत्त्व. फरक एवढाच की हा फुगा स्वतःच स्वतःला फुगवत राहतो.

मी मास कॉमची. फिजिक्स बारावीला सोडलं ते सोडलं. तरी हे मला एका झटक्यात कळलं, म्हणून म्हणते, की कल्पना समजायला अवघड नव्हती. मग अडलं कुठे?

अडलं असं. त्याला एअर मिनिस्ट्रीत पाठवलं गेलं. तिथून त्याची गाठ पडली ए. ए. ग्रिफिथ या नामांकित शास्त्रज्ञाशी. ग्रिफिथ स्वतः टर्बाईनवरच काम करत होता. त्याला टर्बाईनने पंखा फिरवायचा होता, झोत नको होता. त्याने फ्रँकच्या आकडेमोडीत एक चूक दाखवली. चूक खरीच होती. मिनिस्ट्रीचं म्हणणं पडलं की एवढी उष्णता आणि एवढा ताण सोसणारा धातूच नाही, तेव्हा हे होणे नाही. गंमत म्हणजे त्या दिवशीच्या बाजारातल्या धातूंपुरतं ते फारसं चुकीचं नव्हतं. आपल्याला अशा गोष्टीत एक व्हिलन लागतो, मूर्ख, खुर्चीला चिकटलेला. ग्रिफिथ तसा नव्हता. आजच्या विमानांच्या इंजिनात जो लांबोळा, ओळीने पाती लावलेला कॉम्प्रेसर असतो, तो त्याच्या बाजूचा विचार आहे. व्हिटलचा होता तो गोल, हवा बाहेरच्या कडेला भिरकावणारा सेंट्रिफ्यूगल. हुशार माणसाने नीट तपासून दिलेला नकार हा मूर्खाच्या नकारापेक्षा जास्त लागतो, असं मला वाटतं. व्हायवाला ज्यांना खरोखर विषय कळणारा एक्स्टर्नल मिळालाय त्यांना कळेल.

त्याच्याबरोबरचा एक इन्स्ट्रक्टर, जॉन्सन, आधी पेटंटच्या कामात होता. त्याच्या मदतीने 16 जानेवारी 1930 ला पेटंटचा अर्ज गेला. मिनिस्ट्रीला ते गुप्त ठेवावं असंही वाटलं नाही. मंजूर झालं आणि छापून जगभर वाचायला मोकळं झालं. कंपन्यांचे उंबरे झिजवून झाले. कुणाला टर्बाईन कळत होतं पण विमान नको होतं, कुणाला विमान कळत होतं पण खर्च नको होता. मंदीचे दिवस होते. त्याचं 1930 मध्येच लग्न झालं, बदल्या झाल्या, समुद्रावर उतरणारी विमानं तपासायचं काम आलं. कल्पना ट्रंकेत.

एअर फोर्सने 1932 मध्ये त्याला अधिकाऱ्यांच्या इंजिनिअरिंग कोर्सला पाठवलं. दोन वर्षांचा कोर्स त्याने दीड वर्षात संपवला, एकूण गुण 98 टक्के. खरं तर अधिकाऱ्यांना पुढे केंब्रिजला पाठवायची जुनी पद्धत नुकतीच बंद झाली होती. याचे गुण बघून अपवाद केला. 1934 मध्ये तो केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात दाखल झाला, मेकॅनिकल सायन्सेसच्या ट्रायपॉससाठी. ट्रायपॉस म्हणजे तिथली डिग्रीची परीक्षा.

आणि इथे आपण पहिल्या परिच्छेदात येऊन पोचलो. पाच पौंड, जानेवारी 1935.

आता पुढचं पत्र आलं त्याच वर्षीच्या मे महिन्यात. लिहिणारा होता रॉल्फ डडली-विल्यम्स, क्रॅनवेलचा जुना यार. तब्येतीमुळे एअर फोर्स सोडून तो टिनलिंग नावाच्या दुसऱ्या माजी पायलटबरोबर धंद्यात पडला होता. त्याने विचारलं, त्या तुझ्या इंजिनाचं काय झालं? आम्ही पैसे उभे करतो. फ्रँकने कळवलं की पेटंट तर गेलंय, पण सुधारणांची नवीन पेटंट काढता येतील. तिघांचा करार झाला. नव्या अर्जांचा खर्च त्या दोघांकडे, डोकं याचं.

हॉस्टेलच्या रूमवर रात्री दोनला तीन जण मिळून स्टार्टअप काढतात, तसंच दिसतंय ना हे? तसंच आहे. फक्त पुढचं ऐका. त्या दोघांनी फिरून फिरून एक गुंतवणूक करणारी पेढी गाठली, ओ. टी. फॉक अँड पार्टनर्स. तिथल्या लान्सलॉट व्हाइट या फिजिक्स शिकलेल्या माणसाला कल्पना पटली. त्यांनी ब्रॅमसन नावाच्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली, त्याचा अहवाल बाजूने आला. सुरुवातीला 2,000 पौंड घालायचं ठरलं. पण फ्रँक सरकारी नोकर. मग सरकारलाच करारात एक पक्ष करावं लागलं. मिनिस्ट्रीने परवानगी दिली ती अशी, की त्याने कंपनीचा मानद मुख्य इंजिनिअर व्हायला हरकत नाही, पण आठवड्याला सहा तासांच्या वर काम करायचं नाही. मार्च 1936 मध्ये कंपनी नोंदवली गेली, नाव पॉवर जेट्स.

आठवड्याला सहा तासांत जेट इंजिन. कल्पना करा. अर्थात ते सहा तास कागदावर होते. कॉलेजच्या तासांनंतर इंजिनाचं डिझाइन, रग्बीच्या कारखान्याला भेटी, परत येऊन ट्रायपॉसचा अभ्यास. रग्बी गावात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन नावाची स्टीम टर्बाईन बनवणारी मोठी कंपनी होती, तिच्याकडे इंजिन तयार करायचं काम दिलं होतं. सुटे भाग वेगळे तपासायला पैसे नव्हते. नियमाने आधी कॉम्प्रेसर एकटा तपासायचा, मग जळण्याचा भाग, मग टर्बाईन. याने ठरवलं की एकदम अख्खं इंजिनच बांधायचं. आणि मागणी तरी काय! एकाच चाकाने हवा चौपट दाबायची, जेव्हा तोवरच्या कॉम्प्रेसरांची मजल अडीचपटीच्या आसपास होती. आणि थोड्याशा जागेत इतकं इंधन जाळायचं, की जगातल्या कुठल्याही भट्टीपेक्षा तिथली आग किमान वीसपट तीव्र असायला हवी.

या आगीसाठी तो फेब्रुवारी 1936 मध्ये एका औद्योगिक प्रदर्शनात गेला, आपण एक्स्पोला जातो तसा. बर्नर बनवणाऱ्यांच्या प्रत्येक स्टॉलवर विचारलं. बहुतेकांनी आकडे ऐकून हसण्यावारी नेलं. एडिंबरोची लेडलॉ, ड्र्यू नावाची एक छोटी कंपनी तेवढी म्हणाली की अवघड आहे, पण बघू या. टर्बाईनच्या पात्यांसाठी शेफील्डच्या फर्थ-विकर्सने नवीन जातीचं पोलाद दिलं. 1930 मध्ये जो धातूच नाही म्हणून नकार मिळाला होता, तो सहा वर्षांत तयार होऊन बाजारात आला होता.

आता खरा पेच बघा. परीक्षा जूनमध्ये. एअर फोर्सने दिलेल्या मुदतीत फर्स्ट क्लास काढला नाही तर फ्रँक परत कुठल्यातरी तळावर ड्यूटीला जाणार, आणि रग्बीतलं इंजिन ज्याच्या डोक्यात आहे तोच माणूस तिथे नसणार. म्हणजे इंजिन वाचवायचं तर इंजिन बाजूला ठेवून पुस्तकं धरायला हवीत. आणि पुस्तकं धरली तर रग्बीत काम थांबतंय. आपल्याकडे हा प्रश्न फार वेळा उलटा सोडवला जातो. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपने मार्कांची काळजी म्हणून प्रोजेक्ट दुकानातून विकत आणला, डबा उघडून आत काय आहे हेसुद्धा व्हायवाच्या आदल्या रात्री पाहिलं. त्यांना मार्क मिळाले. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही माझी एक डॉक्युमेंटरी दोन दिवसांत उरकलीय. पण विकत आणायची सोय नसलेला प्रोजेक्ट कसा असतो, ते इथे दिसतं.

शेवटचे आठवडे त्याने गच्च अभ्यास केला. फर्स्ट क्लास मिळाला. त्यातही केंब्रिजचे एरोनॉटिक्सचे प्रोफेसर मेल्व्हिल जोन्स त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या शब्दावर मिनिस्ट्रीने त्याला आणखी एक वर्ष केंब्रिजलाच संशोधनासाठी राहू दिलं. संशोधन कसलं ते सगळ्यांना माहीत होतं. चांगला गाईड म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मी हे उदाहरण देईन. त्याने इंजिनाचं एक चाकही काढून दिलं नाही, एक वर्ष मात्र काढून दिलं.

12 एप्रिल 1937. रग्बीच्या त्या कारखान्यात, उघड्या शेडमध्ये, इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. पुढे आडोसा नाही म्हणावा असाच. एका इलेक्ट्रिक मोटरने दांडा फिरवला, फ्रँकने इंधन सोडलं, ठिणगी पडली. मग मुख्य व्हॉल्व्ह उघडला आणि इंजिनाने सूर धरला. आवाज चढत गेला, चढतच गेला. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, तरी चढतोय! जळणाच्या भागाचं पत्र्याचं आवरण ठिकठिकाणी लालभडक झालं. कारखान्यातली माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. फ्रँक व्हॉल्व्ह धरून उभा. पुढे त्याने स्वतःच कबूल केलंय की ते शौर्य नव्हतं, भीतीने पाय हलेनात. थोड्या वेळाने आपोआप वेग उतरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी कारण सापडलं ते एकदम साधं निघालं. सुरू करण्याआधीच इंधन गळून आत तळाशी साचत होतं. व्हॉल्व्ह बंद केला तरी ते डबकं जळत राहायचं. एक निचऱ्याची नळी लावली आणि ते प्रकरण मिटलं. तुमचा सर्किट बोर्ड रात्रभर चालत नाही आणि सकाळी कळतं की ग्राउंडची वायर सुटलीय, तसं.

आता जरा जर्मनीत जाऊ. कारण ही गोष्ट एकट्या व्हिटलची म्हणून सांगितली तर ती अर्धीच होईल. नेमक्या याच वर्षांत ग्योटिंगेन विद्यापीठात फिजिक्सची डॉक्टरेट करणारा हान्स फॉन ओहाइन नावाचा विद्यार्थी याच उत्तरापाशी आपल्या वाटेने पोचला होता. व्हिटलपेक्षा चार वर्षांनी लहान. त्याची गाडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये माक्स हान नावाचा हुशार मेकॅनिक होता, त्याच्याकडून ओहाइनने स्वतःच्या पैशांनी एक मॉडेल बनवून घेतलं. ते धड चाललं नाही, मागून नुसत्या ज्वाळा आल्या. पण त्याचे प्रोफेसर पोल यांनी मॉडेल हसण्यावारी नेलं नाही, विमानं बनवणाऱ्या हाइंकेलला पत्र लिहून पोराची ओळख करून दिली. हाइंकेलने 1936 मध्ये त्या दोघांनाही, म्हणजे डॉक्टरेटवाल्याला आणि गॅरेजवाल्याला, कामावर घेतलं. पैसा, कारखाना, विमान सगळं हाताशी. 27 ऑगस्ट 1939 ला जगातलं पहिलं जेट विमान उडालं ते जर्मनीत. महायुद्धाला पाच दिवस बाकी होते.

इकडे पॉवर जेट्सची काटकसर इतकी होती, की पात्याचा एक तुकडा उडून इंजिन खराब झालं की तेच पुन्हा बांधायचं. स्फोटाच्या भीतीने रग्बीच्या कंपनीने आपल्या आवारात चाचण्या नकोत म्हटलं, मग 1938 मध्ये जवळच्या लटरवर्थमध्ये एका जुन्या फाउंड्रीत सगळं बिऱ्हाड हलवलं. युद्ध सुरू होईस्तोवर सरकार चिमटीने पैसे सोडत होतं. मग मात्र मागणी वाढली, आणि तीही हवी होती कालच्या कालच. या काळात फ्रँकची तब्येत ढासळली. दिवसाला तीन पाकिटं सिगारेट, जागं राहायला उत्तेजक गोळ्या, झोपायला दुसऱ्या गोळ्या, डोकेदुखी, वजन उतरलेलं. एकदा तो मानसिकदृष्ट्या पार कोलमडला आणि हॉस्पिटलात राहावं लागलं. हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे रात्र रात्र न झोपता काम केलं की स्टेटस टाकायची पद्धत आहे. याला त्या रात्रींची किंमत पुढची कितीतरी वर्षं भरावी लागली.

15 मे 1941. ठिकाण क्रॅनवेल, तेच, जिथे अठरा वर्षांपूर्वी तो अॅप्रेंटिस म्हणून आला होता. दिवसभर ढग होते. संध्याकाळी आभाळ मोकळं झाल्यावर टेस्ट पायलट गेरी सेयरने ग्लॉस्टर ई.28/39 नावाचं छोटं विमान धावपट्टीवर घेतलं. पुढे पंखा नाही. इंजिनाचा जोर 860 पौंड, म्हणजे चारशे किलोच्या आतच. सतरा मिनिटं उडून ते खाली आलं. ऑक्टोबर महिन्यात एक इंजिन आणि ड्रॉइंग अमेरिकेला जनरल इलेक्ट्रिककडे गेली, आणि तिथला जेट इंजिनांचा कारखाना त्यातून उभा राहिला. 1944 मध्ये मीटिओर हे ब्रिटनचं पहिलं लढाऊ जेट एअर फोर्समध्ये दाखल झालं. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने घेतलेलं पहिलं जेट व्हँपायर, त्याचं इंजिनही व्हिटलच्याच धर्तीच्या गोल कॉम्प्रेसरचं होतं.

आणि पैसा? इथे गोष्टीला एक विचित्र वळण आहे. फ्रँक तेव्हा समाजवादी विचारांचा होता. जेट इंजिन बनवणारे सगळेच कारखाने सरकारने ताब्यात घ्यावेत असं त्यानेच सुचवलं होतं. सरकारने ऐकलं, पण निम्मंच. 1944 मध्ये फक्त त्याची कंपनी ताब्यात घेतली, बाकी बड्या कंपन्या तशाच मोकळ्या. मग याच कंपनीने इंजिनं बनवायची नाहीत, नुसतं संशोधन करायचं, असं ठरलं. 1946 मध्ये त्याने राजीनामा दिला, मागोमाग त्याच्या टीममधल्या बऱ्याच जणांनी दिला. 1948 मध्ये तब्येतीच्या कारणावरून एअर फोर्स सोडली. त्याच वर्षी सरकारने एक लाख पौंडांचं बक्षीस आणि सर हा किताब दिला. ज्यांनी पाच पौंड भरले नव्हते त्यांनीच. मला या दोन आकड्यांकडे बघून हसू येतं, त्याला आलं असेल का माहीत नाही. त्यानंतर तो स्वतः कधी दुसरं विमानाचं इंजिन घेऊन उभा राहिला नाही. तेलविहिरी खणायचं एक टर्बाईन ड्रिल मात्र केलं.

1976 मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथल्या नौदल अकादमीत शिकवू लागला. ओहाइनही तोवर अमेरिकेतच होता. दोघं भेटले, सुरुवातीला फ्रँकच्या मनात थोडी अढी होती, मग गट्टी जमली. 1991 चा ड्रेपर पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. इंजिनिअरांमध्ये त्याचा मान नोबेलसारखा. कॉलेजात असताना एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली दोन पोरं, ऐंशीच्या घरात एका स्टेजवर.

9 ऑगस्ट 1996 ला अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तो गेला. अस्थी विमानाने क्रॅनवेलला आणल्या.

ते ई.28/39 विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पुढे शिकायला तिकडे गेलात तर बघून या, तिकीट लागत नाही.